शंभर टक्के सहभाग

अंबालाल सर समोरून येताना दिसले की आमच्या आश्रमशाळेतल्या मुली नमस्कार करायच्या आधी डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून दाखवायच्या. नवख्या माणसाला ते वेडावल्यासारखं वाटे. तपासणीला आलेल्या एका बाईंनी तशी तक्रारही केली होती, की तुमच्या मुली शिक्षकांना वाकुल्या दाखवतात. सर मात्र चालता चालता प्रत्येकीच्या पापणीच्या आतला रंग बघत. लाल असला तर "जा" म्हणत. फिका दिसला तर काही न बोलता तिच्या हातात शिट्टी नाहीतर पाण्याचा जग देत, आणि मुलीला कळे की आज आपण पळायचं नाही.

मी त्या शाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. माहेर कोरीटचं. खापर गाव सोडून डोंगराच्या पायथ्याला आलं की आमची शाळा. मुली सगळ्या वरच्या पाड्यांवरच्या, घरी भिली नाहीतर पावरी बोलणाऱ्या. सर होते तापीकाठचे, सारंगखेड्याजवळच्या गुजर शेतकऱ्याचे धाकटे चिरंजीव. घरी केळी, ऊस, कापूस. भाऊ शेतात राबत होते आणि हे पळण्याच्या नादाने खेळाचे मास्तर झाले. पन्नाशीला आलेला उंच, हडकुळा माणूस. गुडघे चालताना वाजायचे. रविवारी घरी जात आणि सोमवारी सकाळच्या बसने केळ्यांचं पोतं घेऊन परत येत. कंडक्टर त्या पोत्याचं तिकीट मागत नसे.

त्यांच्या काही गोष्टी मला सुरुवातीला विक्षिप्त वाटत. त्यांच्याकडे स्टॉपवॉच होतं, पण मुली पळताना ते क्वचित लावत. मुलगी रेषा ओलांडून थांबली की बटण दाबत आणि तिचा श्वास जागेवर यायला किती वेळ लागतो ते वहीत लिहीत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "पळते कशी, ते गाव बघतं, ताई. थांबते कशी, ते मास्तरने बघायचं असतं."

ही सवय त्यांना कशी लागली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मैदानावर फक्की मारत होते. मी पाण्याचं विचारायला गेले होते. पांढऱ्या पावडरीचा डबा हातात धरून, रेष न मोडता, माझ्याकडे न बघता ते बोलत राहिले.

"मी पहिले असा नव्हतो. दम काढणारा मास्तर होतो. सायकी नावाची पोरगी होती सहावीत. रोज म्हणायची, सर, पाय दुखतात. मला वाटलं, कामचुकार आहे. एक दिवस दहा फेऱ्या सांगितल्या. सातव्या फेरीला ती बसली. मी शिट्टी वाजवली. ती उठली नाही. मी परत वाजवली."

एवढं बोलून त्यांनी डबा खाली ठेवला.

सायकीला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार घरोघरी आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि ऊन, तहान, दमछाक झाली की बारीक नसांमध्ये अडकून बसतात. बाहेरून मुलगी धडधाकट दिसते. सायकी जगली, पण तिचा खुबा गेला. सर दर वर्षी होळीच्या सुमारास तिच्या पाड्यावर जात. "ती लंगडत उठते आणि मला चहा करून देते," सर म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्यानंतर त्यांनी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरकडे बसून हा आजार शिकून घेतला. मुलींच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, कार्डं आली, ती माझ्या कपाटात राहिली. सरांनी मात्र नावं पाठ केली. मी सांगते त्या वर्षी आमच्याकडे अशा एकोणीस मुली होत्या. कोणी सहज विचारलं तरी सर एका दमात एकोणीस नावं म्हणून दाखवत, शाळेतल्या प्रार्थनेसारखी.

या एकोणीस मुलींना त्यांनी मैदानाबाहेर मात्र काढलं नाही. कोणाला रेषेवरची पंच केली, कोणाला गुण लिहायला बसवलं. वंती नावाची आठवीतली मुलगी वेळ घेण्यात इतकी तरबेज झाली की दोघी एकदम रेषेवर आल्या तरी पहिली कोण ते ती ठामपणे सांगे आणि कोणी हुज्जत घालत नसे. सरांचं स्टॉपवॉच बहुतेक वेळ तिच्याच गळ्यात असे. फक्त एकदा, जयवंती नावाची आमची सगळ्यात वेगवान मुलगी विभागीय स्पर्धेत जिंकून आली तेव्हा, वंती मला म्हणाली होती, "बाई, तिच्या छातीवर नंबर होता. मला नंबर कधीच नाही मिळणार ना?" मी काहीतरी उत्तर दिलं. काय ते आठवत नाही.

सरकारी मदतीशी सरांचं नातं गमतीचं होतं. एका योजनेतून आम्हाला क्रीडा साहित्य आलं. पेट्या उघडल्या तर आत बारा भाले आणि हॉकीच्या काठ्या. आमचं मैदान म्हणजे डोंगरउतारावरचा मुरमाड तुकडा. भाला फेकला तर थेट खालच्या शेतात. सरांनी काठ्या रोवून त्यांच्यावर वेल चढवले आणि वर कार्यालयाला पत्र लिहिलं की साहित्याऐवजी पाण्याची टाकी, सावलीसाठी हिरवी जाळी आणि एक स्ट्रेचर मिळावं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: सदर बाबी क्रीडा साहित्याच्या यादीत समाविष्ट नाहीत. ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं आणि हसून आपल्या अहिराणीत म्हणाले, "ताई, भाला यादीमा बसस, पानी बसत नही."

पण मदतीची त्यांना गरज होती. जयवंती अनवाणी पळत होती. शाळेला पळण्याचं प्रशिक्षण केंद्र मंजूर झालं तर तिला बूट, रोज अंडी, दूध, मऊ धावपट्टी मिळणार होती. तीन वर्षं सर त्यासाठी अर्ज करत होते. त्या वर्षी प्रथमच वरून सांगण्यात आलं की तुमच्या केंद्राचं नाव विचारात आहे. सरांनी ती बातमी मला सांगितली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं काहीतरी होतं. आता वाटतं, त्यातला अर्धा भाग भीतीचा होता.

मार्चच्या आरंभी पत्र आलं. सर्वांनी खेळावं यासाठी आलेला निधी महिन्याच्या आत खर्च झाला नाही तर परत जाणार होता, म्हणून तालुक्यातल्या सगळ्या शाळांची एकत्र दौड ठरली होती. प्रत्येक विद्यार्थ्याने भाग घ्यायचा. प्रत्येकाचा नंबर लावलेला फोटो मोबाईलवरून चढवायचा. ज्या शाळेचा सहभाग शंभर टक्के, तिचा पुढच्या मंजुरीसाठी आधी विचार.

हेडसरांनी माझ्याकडे मुलींची यादी मागितली. मी पटावरची सगळी नावं उतरवून दिली. कपाटातली कार्डं माझ्या पाठीमागे दोन हातांवर होती. त्यांनी यादी मागितली, मी यादी दिली, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्या वर्षी ऊन लवकर आलं होतं. मोहाची फुलं वेळेआधी गळून पडली होती आणि सकाळी दहालाच पाखरं गप्प व्हायची. दौडीच्या आदल्या दिवशी टी-शर्ट आणि नंबरांचे गठ्ठे आले. सरांनी नंबर वाटायला घेतले आणि चौथ्या-पाचव्या नावावर त्यांचा हात थांबला. मग त्यांनी सगळा गठ्ठा खाली टाकला, एकोणीस नंबर वेचून काढले आणि हेडसरांच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले.

"सर, ह्या पोरी पळणार नाहीत."

हेडसर वाईट माणूस नव्हते. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचे होते, रक्तदाब होता. ते डोकं धरून म्हणाले, "अंबालाल, मन्हा हातमा काय शे? वरतून यादी मांगेल शे. एकोणीस पोरी कमी पडन्यात तं सेंटर हातनं जाई. तीन वरीस तूच मन्हा मांगे लागेल व्हता ना सेंटरसाठे?"

सर खिडकीकडे वळले. खिडकीबाहेर जयवंती एकटीच फेऱ्या मारत होती. बराच वेळ त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"जाऊ द्या सेंटर," ते म्हणाले, आणि ते एकोणीस नंबर खिशात घालून बाहेर गेले.

दौड सकाळी सातची होती. आम्ही साडेसहाला तालुक्याच्या मैदानावर होतो. पाहुणे आले नव्हते. आठ वाजले, नऊ वाजले. मुलं रांगांमध्ये उभी. टी-शर्टचं कापड असं की वारा आत शिरेना. पाण्याचा टँकर आला होता, तो पाहुण्यांच्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून पाणी मारायला पाठवला आणि परत आलाच नाही. लाउडस्पीकरवरचा माणूस दर दहा मिनिटांनी सांगत होता, पाहुणे निघाले आहेत. सर आमच्या रांगेतून फिरत, मुलींना खाली बसवत, ओली फडकी त्यांच्या मानेवर ठेवत होते. दोनदा ते व्यासपीठापाशी गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. दुसऱ्या वेळी एकाने त्यांना खांद्याला धरून बाजूला केलेलं मी पाहिलं.

मी एकोणीस जणींना घेऊन निंबाखाली बसले होते. सरांनी मला बजावलं होतं, "ताई, काही झालं तरी ह्यांना इथून उठवायचं नाही."

साडेअकराला गाड्या आल्या. लगेच सरांना पुढच्या वळणावर उभं राहायला पाठवलं, खेळाचे सगळे शिक्षक मार्गावर हवेत म्हणून. ते गेले आणि हेडसर घाईघाईने निंबाखाली आले. घामाने निथळत होते. त्यांच्या हातात कोरे नंबर होते, वर स्केचपेनने आकडे घातलेले.

"ताई, ह्यास्ले फक्त रेषवर उभ्या करा. फोटो निघना का लगेच बठाडी द्या. पळानं नही."

मी वंतीकडे पाहिलं. ती आधीच उठली होती.

मी एकोणीस जणींना रेषेवर नेलं. पिना लावल्या. वंतीचा नंबर मी स्वतः लावला. तिने तो तळहाताने सपाट केला. फोटो काढणारा मुलगा मोबाईल वर धरून "हसा" म्हणाला आणि ती हसली.

मग मी त्यांना मागे घेणार तोच दौड सुटल्याचा बार झाला. पाहुण्यांना पुढच्या गावी जायचं होतं म्हणे. मागून शेकडो मुलांचा लोंढा आला. तिथे उभं राहणं शक्यच नव्हतं. जे उभे होते ते पळाले. मी ओरडले, माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

पुढचं मला इतरांनी सांगितलं. पहिल्या वळणावर सरांनी आपल्या मुलींचे चेहरे पाहिले आणि ते सरळ लोंढ्यात घुसले. दोन्ही हात पसरून उलट्या दिशेने. मुलं त्यांच्यावर आदळत होती. एकेकीला दंडाला धरून ते बाहेर ओढत होते आणि मोठ्याने नाव घेत होते. खाली पडले, उठले, चष्मा गेला. अठरा जणी त्यांनी बाहेर काढल्या. रस्त्याच्या कडेला त्यांना ओळीने बसवून मोजलं, आणि मग वळून पळत सुटले, त्या वाजणाऱ्या गुडघ्यांनी.

वंती खूप पुढे निघून गेली होती. मोरीच्या पलीकडे ती बसलेली सापडली, दोन्ही हात छातीवर धरून. ओठ काळसर पडले होते. सर तिच्याजवळ गुडघ्यावर टेकले तेव्हा तिने विचारलं, "सर, माझा टाइम किती?"

"फार चांगला," सर म्हणाले. "आता बोलू नको."

रुग्णवाहिका व्यासपीठामागे होती आणि तिच्यापुढे पाहुण्यांच्या गाड्या लागल्या होत्या. सरांनी तिला खांद्यावर घेतलं, रस्त्यावरची एक रिक्षा थांबवली. तालुक्याच्या दवाखान्यातून तिला नंदुरबारला हलवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

चौकशी झाली. मुली रेषेवर कोणी आणल्या, असा प्रश्न मला विचारला गेला. हेडसर बाहेरच्या बाकावर बसले होते, पांढरेफटक. मी लिहून दिलं: गर्दीत लक्षात आलं नाही. एवढेच शब्द. खाली सही.

ठपका सरांवर आला. आजारी मुलींची जबाबदारी क्रीडा शिक्षकाची होती, आणि त्यांनी मार्गात शिरून दौडीत अडथळा आणला, असं अहवालात होतं. त्यांनी माझा जबाब वाचला होता. आम्ही व्हरांड्यात समोरासमोर आलो तेव्हा मी मान खाली घातली. ते फक्त म्हणाले, "ताई, वंतीच्या घरी कोणी गेलं का?" कोणी गेलं नव्हतं. ते त्याच दिवशी गेले. महिनाभरात त्यांनी नोकरी सोडली.

शाळेला केंद्र मंजूर झालं. सहभाग शंभर टक्के भरला होता ना. धावपट्टी झाली, जयवंतीला बूट आले. हेडसरांच्या खोलीत त्या दिवशीचा फोटो लावला गेला आणि त्यात वंती हसताना दिसते. कित्येक महिने मी त्या खोलीत जायचं टाळत होते.

सरांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत. दुपारची वेळ होती. ते बाजाराच्या कडेला उभे होते, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, हात शेतकऱ्याचे झालेले. मला बघून त्यांना आनंद झाला का, ते सांगता येत नाही.

"यंदा पत्र आलं?" त्यांनी विचारलं.

"आलं. यंदा लवकरच आलं. दौड मार्चमध्येच आहे."

"टाइम?"

"सकाळी सात."

"मागे पण सातच होता," ते म्हणाले.

मी सांगितलं, "यादी मी दिलीये, सर. तेवीस नावं बाजूला काढून. प्रत्येकीपुढे कारण लिहिलं, खाली सही केली. ती परत आली. सहभाग अपूर्ण, असा शेरा मारून. मी तीच पुन्हा पाठवली."

समोर एक व्यापारी घोडीला गोल फिरवून दाखवत होता.

"आणि तो जबाब, सर..."

"माले काय सांगतात, ताई? वंतीनी मायले सांगा."

"सांगितलं. दिवाळीनंतर गेले होते."

"काय म्हणाली?"

"काहीच नाही. सगळं ऐकलं. दारातच उभी राहिली. बस म्हणाली नाही."

सरांनी मान हलवली, जणू एवढं त्यांना अपेक्षितच होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. हेडसर होते. आवाज थकलेला होता. "ताई, यादी परत उनी. आते त्या म्हनतंस, कोनी बाईनी सही शे, त्या बाईले आठे धाडा."

"येते," मी म्हणाले. "सोमवारी येते. कार्डं घेऊन येते."

फोन ठेवला तेव्हा सरांच्या भावाचा ट्रॅक्टर आला होता. मागची ट्रॉली माणसांनी भरली होती. सर चाकावर पाय देऊन वर चढले, एका बाईने सरकून त्यांना जागा केली, पण ते बसले नाहीत. "एकटी जाऊ नका," ते वरून मला म्हणाले. "उपकेंद्रनी सिस्टरले संगे न्या." ट्रॅक्टर तापीच्या पुलाकडे वळला. ते दांडा धरून उभे होते, तोंड माझ्याकडे. मी हात वर केला. त्यांनी केला की नाही, ते धुळीत दिसलं नाही.